गुरुजींच्या पायांत बूट

नागपूर, १२ जानेवारी १९७१, मंगळवार

राग अजून उतरत नाही. पायही गार पडलेत.

संध्याकाळी शाळेत आमच्या माजी विद्यार्थी प्रतिष्ठानची सभा झाली. शाळा काढणाऱ्या गुरुजींचा पुतळा होतोय. मातीचा नमुना तयार आहे, उद्या साचा घेणार. नमुन्यात गुरुजी अनवाणी आहेत. होतेच तसे! खेड्यांतली पोरं अनवाणी येत, म्हणून त्यांनीही वहाणा सोडल्या त्या कायमच्या.

आणि अध्यक्ष आबासाहेब म्हणतात, "बूट घाला त्यायले. मंत्री येऊन राहिले उद्घाटनाले. अनवाणी मास्तर बरा दिसते का?"

"काहून नाही दिसत? जन्मभर तसेच राहिले ना ते!" मी म्हटलं.

"शाळेच्या इज्जतीचा सवाल आहे गा."

सगळ्यांचे हात वर झाले. माझा एकट्याचा खाली. मूर्तिकारानं शांतपणे विचारलं, "नाडीचे की बिननाडीचे?"

सभा गुरुजींच्या खोलीत होती. तिथं आम्ही पायातलं बाहेर काढूनच जातो, ते गेल्यापासूनचा आमचाच रिवाज. फरशी बर्फासारखी. बोलताना आबासाहेबही पायावर पाय घासत होते.

ठराव झाला आणि मंडळी बाहेर येऊन वाकून आपापले बूट घालू लागली. तेव्हा मला उमगलं. गुरुजींना बूट चढवले ते आम्ही अनवाणी बसून!

पहाटेच मूर्तिकाराला गाठतो. ऐकेल का तो? माझे बूट दाराशी आहेत. घालून जाऊ?