उंदरांच्या झोपेच्या वेळी

३ सप्टेंबर, मंगळवार

आज सकाळी दहा वाजून सात मिनिटांनी माझं आयुष्य बदललं. तिनं मला 'अरे' म्हटलं.

लॅबमध्ये लागल्यापासून तीन महिने मॅडमचं नुसतं 'अहो, जरा ते पिंजरे सरकवता का' चाललं होतं. आज पाण्याची बाटली पिंजऱ्यावर उलटी लावताना माझ्या हातून सांडली आणि ती एकदम म्हणाली, अरे, बघून! दोनच शब्द. पण परक्या माणसाला कोणी अरे म्हणतं का? मनात काहीतरी असावं लागतं.

काकांना सांगितलं. काका म्हणजे इथले सगळ्यात जुने कर्मचारी, वीस वर्षं उंदरांची खोली सांभाळतात. म्हणाले, परवा माझ्या हातून बाटली सांडली तेव्हा ती 'अरे देवा' म्हणाली होती, मग मी काय समजायचं? काकांच्या लग्नाला तीस वर्षं झाली. या विषयातलं त्यांना आता काही कळत नाही.

निश्चय: महिनाअखेरीच्या आत तिला विचारायचं. सरळ. पुरुषासारखं.

४ सप्टेंबर, बुधवार

तिच्याशी बोलताना अडायला नको म्हणून तिचा अभ्यास एकदा लिहून काढतो.

उंदीर चोवीस. सगळे दीड वर्षाचे, म्हणजे उंदरांच्या हिशेबात आजोबा. बारा पिंजऱ्यांवर पांढरं कार्ड, ते धडधाकट. बारांवर पिवळं कार्ड. या पिवळ्यांच्या जनुकांत असा बदल केलेला आहे की वय झालं की माणसांना होतो तसा विसरण्याचा आजार त्यांच्या मेंदूत सुरू होतो. प्रत्येकाच्या डोक्यावर छोटासा प्लग, त्याला केसाएवढी वायर. कोण कधी झोपला, कधी जागा झाला, सगळं कॉम्प्युटर लिहून घेतो.

तिचं म्हणणं, आजारात आठवण जाते नंतर, झोप आधी मोडते. आणि झोपेत मेंदू आपला कचरा बाहेर काढतो, त्यामुळे झोप मोडली की कचरा साठत जातो. (माझ्या मेंदूत सध्या बराच असणार. तीन महिने नीट झोप नाही.) पांढऱ्या आणि पिवळ्यांच्या झोपेत फरक दिसला तर तिचा चार वर्षांचा अभ्यास पुढे जाईल. नाही दिसला तर पैसे देणारी कमिटी तो बंद करेल. उद्यापासून अठरा तारखेपर्यंत, चौदा दिवस मोजमाप. सव्वीसला कमिटी.

उंदीर दिवसा झोपतात. म्हणून अकरा ते चार खोलीत कोणी पाऊल टाकायचं नाही. दारावर तशी तांबडी पाटी आहे, तिच्या हस्ताक्षरात. 'झ' फार सुंदर काढते.

५ सप्टेंबर, गुरुवार

भाषण लिहून झालं. दीड पान. आता प्रॅक्टिस.

घरी शक्य नाही. ताईच्या दोन खोल्यांत ती, भाऊजी, दोन पोरं आणि मी. न्हाणीघरात प्रयत्न केला. भाऊजींनी दार वाजवलं, म्हणाले, कोणाशी बोलतोयस, नळाशी? ताई म्हणाली, कॉलेजात तोंड उघडलं असतंस तर आज शिकून बाहेर पडला असतास. तिला कितीदा सांगितलं, तोंड उघडलं म्हणूनच बाहेर पडलो. हजेरीवरून सरांशी वाजलं. कॉलेज मी सोडलं, कॉलेजनं मला काढलं नाही. दोन्ही एकाच आठवड्यात झालं, एवढंच.

लॅबमध्ये जेवणाच्या सुट्टीत सगळे कँटीनला जातात. शांत अशी एकच खोली उरते.

पाटी बाहेरच्यांसाठी आहे. मी घरचा. शिवाय तापमान नोंदवायला किल्ली माझ्याकडेच असते.

६ सप्टेंबर, शुक्रवार. दुपारी १.१०

पहिली प्रॅक्टिस. पांढऱ्या कार्डांसमोर उभा राहिलो. पिवळ्यांकडे मुद्दाम पाठ केली, आजारी जिवांना त्रास नको. बेजबाबदार म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

सुरुवात: मॅडम, तुमच्या त्या 'अरे'नं माझ्या आयुष्याला अर्थ आला.

बारापैकी नऊ उठून मागच्या पायांवर उभे राहिले! एक तर काचेला नाक लावून बघत होता. कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेत माझं भाषण चालू असताना परीक्षक चहा घेत होते. इथे प्रेक्षकांना किंमत आहे.

१० सप्टेंबर, मंगळवार. १.१०

तिसरी आवृत्ती. 'पुरुषासारखं' असलेलं वाक्य काढलं, 'माणसासारखं' घातलं. पांढरे सात उठले. गुडघ्यावर बसून म्हटलं तर आवाज पोटातून येतो, मात्र तोंड पिंजऱ्याच्या अगदी जवळ जातं.

सकाळी ती कॉफी घेत होती. विचारणार होतो. तिनंच विचारलं, पिंजऱ्यांतला भुसा बदलला का? बदलला म्हणालो. संभाषण छान झालं.

१३ सप्टेंबर, शुक्रवार. १.१०

सहावी आवृत्ती. आज एकही पांढरा उठला नाही. एकानं तर मी 'आयुष्यभराची साथ' म्हणताच कूस बदलली आणि जास्तच गाढ झोपला. याचा अर्थ त्यांना पटलं. पटलेल्या माणसाला पुन्हा पुन्हा उठायची गरज नसते.

मागे वळून बघितलं तर सगळे पिवळे उभे. कान टवकारलेले. जणू आयुष्यात पहिल्यांदाच ऐकतायत. बिचारे. त्यांनाही नीट ऐकू जावं म्हणून शेवटचा भाग जरा मोठ्यानं घेतला.

१६ सप्टेंबर, सोमवार

पांढरे झोपलेले. पिवळे पुन्हा उभे, पुन्हा तसेच थक्क. त्यांच्यासारखे श्रोते मिळायला भाग्य लागतं.

सातवी आवृत्ती. भाषण आता तीन पानं.

१९ सप्टेंबर, गुरुवार

भयंकर दिवस.

काल मोजमाप संपलं. आज तिनं पहिल्या आठवड्याचे आलेख काढले. पांढरे आणि पिवळे सारखेच! पांढऱ्यांची झोप रोज दुपारी बरोबर एक वाजून दहा मिनिटांनी मोडते. ती कॉम्प्युटरसमोर बसून होती, डोळे लाल. आम्हा सगळ्यांना बोलावलं आणि म्हणाली, माझी चार वर्षं आहेत हो यात, कोणाला काही माहीत असेल तर सांगा, एक वाजून दहाला इथे काय होतं?

माझं रक्त उसळलं. तिच्या डोळ्यात पाणी आणणारा कोण तो, मी शोधून काढीन. सगळ्यांसमोर तसं म्हणालो. काका माझ्याकडे बघत होते, बराच वेळ. कौतुकानं असावं.

२० सप्टेंबर, शुक्रवार

तपास सुरू. लिफ्टजवळ एक ते दीड उभा राहिलो: निर्दोष. पाण्याचा पंप: दोनला लागतो, निर्दोष. राहिला एसीवाला. मुळात तो मला आवडत नाही. तिला 'ताई' म्हणतो, पण म्हणताना हसतो.

त्याची कॉलर धरली. म्हणालो, एक वाजून दहाला तुझं मशीन खडखडतं की नाही? त्यानं कॉलर सोडवून घेतली, आवाज मोजायचं यंत्र काढून एसीला लावलं आणि काटा दाखवला. जागचा हलला नाही. वर म्हणाला, माझं मशीन गप्प असतं साहेब, त्या वेळेला आत कोणीतरी सभा घेतं, ते बघा आधी.

टोमणा मारला. अशा माणसांच्या तोंडी मी लागत नाही. काकांनी आम्हाला सोडवलं आणि मला जिन्यात नेलं. म्हणाले, राजा, तुला काही सांगायचंय का? म्हणालो, हो, एसीवाल्यावर लक्ष ठेवा. काकांनी कपाळाला हात लावला.

२३ सप्टेंबर, सोमवार

बैठक. लॅबचे मोठे सरही आले. कोणाला काही सुचेना. मग मी उठलो. म्हणालो, सर, प्रत्येक पिंजऱ्यासमोर कॅमेरा आहे, आपण व्हिडिओ का बघत नाही?

सर म्हणाले, अरेच्चा, आपण तर नुसत्या मेंदूच्या लहरी बघत बसलो. तिनं माझ्याकडे वळून बघितलं. हसली! म्हणाली, तुझं डोकं चालतं रे.

'रे'!

रात्री, घरी

एक बारीकशी गोष्ट लक्षात आली.

घाबरायचं कारण नाही. कॅमेऱ्याचं तोंड उंदरांकडे आहे. मी उंदरांच्या पुढे होतो. म्हणजे कॅमेरा आणि उंदीर यांच्या... ते उद्या बघू. शिवाय त्यात आवाज येत नसावा. आणि आलाच तर उलट तिला कळेल की सुट्टीच्या वेळातही या खोलीची काळजी घेणारा कोणी होता.

२४ सप्टेंबर, मंगळवार

आवाज येतो.

मोठ्या पडद्यावर लावलं. सर, ती, काका, दोन विद्यार्थी, आणि गुन्हेगार नक्की झाला की माझ्याकडून माफी मागवून घ्यायला एसीवाला. आधी झोपलेला उंदीर दिसला. मग माझं नाक. पडदाभर. नाकाखालून तोंड आलं आणि म्हणालं, मॅडम, तुमच्या त्या 'अरे'नं माझ्या आयुष्याला अर्थ आला.

मी म्हणालो, सर, कळलं, बंद करा. सर म्हणाले, नाही, प्रत्येक वेळी व्यत्यय किती मिनिटांचा होता ते नोंदवावं लागेल. नऊच्या नऊ भाषणं लावली. शेवटचं साडेसात मिनिटांचं. सर वहीत लिहीत होते. मध्येच म्हणाले, चौथं त्यातल्या त्यात बरं होतं. एसीवाला तोंडात रुमाल धरून बाहेर गेला.

तिनं एकदाही वर बघितलं नाही. दिवे लागल्यावर एवढंच म्हणाली, तुम्ही पाटी वाचली नव्हती का?

तुम्ही.

वाचली होती म्हणालो. अक्षर सुंदर आहे, हेही सांगणार होतो. काकांनी पायावर पाय दिला.

२५ सप्टेंबर, बुधवार

सरांनी निकाल सांगितला: उद्यापासून कामावर यायचं नाही, परवा येऊन कोट आणि किल्ली द्यायची. ताईला अजून बोललो नाही. भाऊजींना तोंडावरून कळलं. म्हणाले, नळानं नकार दिला वाटतं.

दुपारी सामान आवरत असताना ती स्वतः खोलीत आली. मी उभा राहिलो. म्हणाली, बसा, तुम्हाला एक सांगायला हवं. काल घरी गेल्यावर ती शेवटपर्यंतच्या सगळ्या लहरी पुन्हा बघत बसली होती. म्हणाली, पांढरे पहिले पाच दिवस दचकले, मग त्यांना सवय झाली. आठवलं की हा तोच आवाज, धोका नाही, आणि तुम्ही बोलायला लागलात की ते झोपायला लागले. पिवळ्यांना सवय झालीच नाही. रोज तेवढेच दचकले, शेवटच्या दिवशीसुद्धा. काल काय ऐकलं ते त्यांच्याकडे उरतच नव्हतं.

मग म्हणाली, झोपेतसुद्धा आठवण लागते, हे मी या बाजूनं कधी बघितलंच नव्हतं.

मी म्हणालो, म्हणजे माझा उपयोग झाला? म्हणाली, तुमची चौदा दिवसांची गडबड कमिटीपुढे ठेवता येणार नाही, ती फेकूनच द्यायची. पण हाच प्रयोग नीट करायला तीन महिने मागणार आहे. उंदीर तेवढे जगले तर.

ताबडतोब सांगितलं, मी येतो, एक वाजून दहाला, फुकट. आवाज तोच, नियमात बसवून. ती म्हणाली, नको, आवाज रोज एकसारखा लागतो, तुमचं रोज बदलत होतं. एक छोटं यंत्र लावणार आहे. बीप वाजतं.

बीप.

२६ सप्टेंबर, गुरुवार

दिवसभर घरी. संध्याकाळी काकांचा फोन. कमिटीनं तीन महिने दिले! काका म्हणाले, पोरीनं चार दिवसांत पाठ टेकली नाही, आता तरी झोपेल.

मला फार आनंद झाला. म्हणजे व्हायलाच हवा. रात्री दहावी आवृत्ती लिहिली. चारच ओळी. पहिलीत माफी, शेवटचीत प्रश्न. मधल्या दोन खोडल्या. आत्तापर्यंतची सर्वांत चांगली. उंदरांवर वाया घालवायची नाही, थेट तिलाच ऐकवायची.

निश्चय: उद्या. काहीही झालं तरी. आता गमावण्यासारखं काही नाही, आणि ती आनंदात असणार. वेळ उत्तम.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

कोट काकांना दिला. त्यांनी घडी घालून घेतला आणि किल्ली मात्र तिच्याच हातात दे म्हणाले. माणूस वाटतो त्यापेक्षा समजूतदार आहे.

तिच्या खोलीचं दार अर्धं उघडं. दोनदा घसा साफ केला. आत गेलो.

ती टेबलावर डोकं ठेवून झोपली होती. चष्मा हातातच. गाल कीबोर्डवर, त्यामुळे पडद्यावर एकच अक्षर ओळीमागून ओळ उमटत चाललेलं. त्याच्या वर तिनं लिहिलेलं मला दिसलं: पहिल्या नोंदीतील आवाज, एका कर्मचाऱ्याचा. नाव नव्हतं. चार महिन्यांत तिनं मला नावानं कधी हाक मारली होती का, ते आठवून बघितलं. मारली नव्हती.

मॅडम, असं तोंडापर्यंत आलं. एवढं जवळ कोणी बोललं असतं तर ती दचकून उठली असती. उठवलं असतं तर ऐकलंही असतं तिनं, नाही कशाला म्हणा. शिष्टाचार आहे तिच्याकडे.

किल्ली टेबलावर ठेवली. वाजू नये म्हणून आधी तळहात ठेवला, मग तो खालून काढून घेतला. चष्मा हातातून सोडवावा असं वाटलं. नाही सोडवला. कागदाची घडी परत खिशात घातली.

पावलं न वाजवता मागे सरलो, बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.