डबा नको, तू ये

प्रिय भागीताय,

फोन उचलत नाहीस, म्हणून लिहायला बसले. उजव्या मनगटाचं प्लॅस्टर निघालं, पण बोटं अजून रुसलेलीच आहेत, तुझ्यासारखी. अक्षर वाकडंतिकडं आलं तर हसू नको.

फार दमले गं बाई. एक दिवसाआड वाशीहून डायलिसिस करून येते, तेव्हा पिळलेल्या धुण्यासारखी होऊन पडते. जरा जीव येतो न येतो, तोच पुन्हा मशीन. त्यात हे हाड. कुठं पडले-आपटले असते तरी बरं. जमिनीवरून हाताचा रेटा देऊन उठायला गेले आणि कट्कन आवाज झाला. डोक्यावर मिठाच्या पाट्या वाहिलेली बाई मी! डॉक्टर म्हणाले, किडनी गेली की हाडंही आतून झिजतात. गोळ्या आहेतच, पण रोज चाललं पाहिजे, खुर्चीतून उठबस केली पाहिजे. नाहीतर एक दिवस अंथरूणच धराल.

मग त्यांनी विचारलं, खाता काय? मी तुझं सगळं सांगितलं: नळीचा रस्सा, सुका जवळा, ते आटवलेलं दूध. 'खा गो, हाडं भरतील,' म्हणत तू घणसोलीहून रिक्षानं आणायचीस. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. यातला फॉस्फरस माझी किडनी बाहेर टाकत नाही. तो रक्तात साचतो आणि हाडांतलंच कॅल्शियम ओढून काढतो म्हणे. आपल्याला काय ठाऊक? आयनं आपल्याला हेच खाऊन वाढवलं ना?

म्हणून त्या दिवशी भाविकानं दारातूनच डबा परत दिला. सुनेला बोल लावू नको, मीच तसं सांगितलं होतं. आपल्यात रिकामा डबासुद्धा परत देत नाहीत, मूठभर तांदूळ तरी घालतात, आणि मी भरलेला परत पाठवला. तुला किती लागलं असेल, मला कळतं. तू गेल्यावर तो वास घरभर राहिला होता. मी भाकरी तशीच ठेवली आणि रडले.

तेव्हापासून डायलिसिसला जाण्यापुरती सोडली तर जिना उतरलेच नाही. पोरं सकाळीच ऐरोलीला कामाला जातात. त्यांना वाटतं, आई गॅलरीत चालते. खोटं आहे. खुर्चीत बसून असते. भीती वाटते गं ताय, पुन्हा काही मोडलं तर? पाय तर आताच काड्या झालेत.

म्हणून हे पत्र. तू ये. सकाळी उन्हं चढायच्या आत ये, आपण तळ्यापर्यंत जाऊन येऊ, दमले तर पायरीवर बसू. आजाऱ्याकडं रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणतात, मला माहीत आहे. पण माझ्या डाव्या हाताला डायलिसिसची नस आहे, त्यावर जोर चालत नाही, उजवा असा मोडका. धरायला माझ्याकडं हातच उरला नाही. तुझे दोन्ही मोकळे हवेत.

तुझीच,
गोजरा