अठरा कप

३ नोव्हेंबर
पोहोचले एकदाची. बोटीत पोटातलं सगळं बाहेर आलं, तरी धक्क्यावर पाय टेकताच हसू फुटलं. बोटीचे दोर बांधणारा म्हातारा ओडमुन माझ्या तीन पेट्या बघून म्हणाला, "सरकार आम्हाला मोजायला आलंय, की इथे नांदायला?" बूडो शहरातल्या कचेरीत बारा वर्षांत कुणी माझी एवढीही चेष्टा केली नव्हती. माणूस मला तिथेच आवडला.

काम सोपं आहे. हे बेट अजून पन्नास वर्षं तग धरेल का, ते चोवीस प्रश्नांच्या अर्जावर मोजायचं: मासळी, वीज, कचरा, आणि माणसं एकमेकांना किती धरून आहेत. वस्ती पंधराच्या खाली गेली तर हिवाळ्यातली बोट बंद होणार. बेटावरच्या दुकानातून आलेल्या यादीत अठरा नावं आहेत, म्हणजे काळजी नाही.

किती वेळ लागतो ते बघायला पहिला अर्ज मीच भरला. नववा प्रश्न: 'आज आजारी पडलात तर तुमच्याकडे कोण येईल?' तो कोरा सोडला. घटस्फोटानंतर तिथे लिहावं असं नाव उरलेलं नाही, आणि अर्जात खोटं लिहिणं माझ्याच्याने होत नाही. अर्ज पेटीत टाकून कुलूप लावलं.

६ नोव्हेंबर
योर्डिसच्या दुकानात सगळ्यांचे कप खिळ्यांना टांगलेले असतात, प्रत्येकावर नाव. बोट आली की अठराही कपांत कॉफी ओतली जाते. पिणारे मात्र मला सातच दिसले. बाकीचे कुठे म्हणून विचारलं, तर योर्डिस म्हणाली, "समुद्रावर. येतील की. तू आधी वाफल खा, गार होतंय." सत्तरीची बाई, तिच्याशी वाद घालायची सोय नाही. अकरा कोरे अर्ज तिच्याकडे देऊन आले.

११ नोव्हेंबर
अकराही अर्ज भरून आले. सकाळी उठले तर दाराखालून सरकवलेले. कागद ओलेचिंब, शेवाळाचा वास. अकरा निरनिराळी अक्षरं. उत्तरं इतकी छान, की कचेरीत कुणाचा विश्वास बसायचा नाही. शेजाऱ्यांवर भरवसा: पूर्ण. एकटं वाटतं का: कधीच नाही. बेट सोडायचा विचार आहे का, याच्यापुढे अकराही जणांनी एकच लिहिलंय: 'जमणार नाही.'

कागद शेगडीजवळ वाळत घातलेत.

१४ नोव्हेंबर
कागद अजून ओलेच आहेत.

आज ओडमुनला गाठलं. जाळं शिवता शिवता, मान वर न करता त्याने सांगितलं. एकोणीस वर्षांपूर्वी लग्नाहून परतताना बोट बुडाली. अकरा माणसं होती, त्याची बायको आल्फहिल्डसुद्धा. एकही प्रेत हाती लागलं नाही. ज्याला समुद्राने परत दिलं नाही त्याला इथे मेला म्हणत नाहीत. त्याचं नाव यादीत राहतं, कप खिळ्यावर राहतो. "नाव खोडलं की माणसाला घर उरत नाही, पोरी. मग तो सापडेल त्या दारात जातो."

मग अर्ज तुम्हीच भरलेत ना, असं विचारलं. म्हणाला, "मला कुठलं जमायला आल्फहिल्डचं अक्षर."

मला त्याचं वाईट वाटलं, आणि आपल्याला बनवतायत म्हणून रागही आला.

१७ नोव्हेंबर
दोन दिवस जीव खाल्ला या यादीने. खरं लिहिलं तर बोट बंद, आणि योर्डिसला या वयात गाव सोडावं लागणार. खोटं लिहिलं तर मी आले कशाला? शेवटी अकरा नावांवर रेघ मारली आणि अहवाल पाठवून दिला: वस्ती सात.

लपवायला नको म्हणून दुकानात जाऊन सांगितलं. योर्डिस रागावली नाही. तिने अकरा कप उतरवले, पुसले, खोक्यात भरून माझ्या हातात दिले. "खोडलंस तू, आता सांभाळ तू."

१९ नोव्हेंबर
दुपारी दोनला काळोख. वादळामुळे बोट आली नाही. दुकानात कुणी माझ्याशी बोलत नाही, माझ्याकडे बघतात फक्त, आजाऱ्याकडे बघावं तसं.

कप माझ्या खोलीतल्या टेबलावर मांडलेले आहेत. मी ते खोक्यातून काढले नव्हते.

२० नोव्हेंबर
ताप चढलाय. फोन लागत नाही. कपांत पाणी आहे, काठोकाठ. बोट बुडवून चाखलं. खारट.

एकटीने राहायची इतकी सवय, तरी आज रडले.

२१ नोव्हेंबर
दाराखालून एक अर्ज आला. माझाच, पहिल्या दिवशीचा. पेटीचं कुलूप तसंच आहे — किल्ली गळ्यात —

ओला. नववा प्रश्न आता कोरा नाही. अकरा नावं. अकरा अक्षरं.

पायऱ्यांवर पावलं. घाई नाही त्यांना. कुणीतरी माझं नाव घेतंय, हळू, आई गेल्यावर असं कुणी —

कडी आतून आहे. नाही काढली तर परत जातील असं ओडमुन — नाही, असं तो म्हणाला नव्हता.

भीती वाटतेय. आणि बरं वाटतंय, हेच जास्त वाईट. इतकी माणसं माझ्यासाठी आली, थंडीची, भिजून, आणि मी साधी कॉफीसुद्धा —