न ऐकता दिलेला होकार

माझ्या प्रिय थोरल्या बहिणीला, अन्नकुट्टी चेचीला,

ईशोमसीहाची स्तुती असो. आम्ही दोघं बरे आहोत. तुझी तब्येत कशी आहे? (खरं कळव. चौऱ्याऐंशी साली कावीळ झाली होती, तेव्हाही तू 'मजेत आहे' असंच लिहिलं होतंस.) रोसम्माने फणसाचे गरे तळून ठेवलेत, तिकडे परदेशी कोलोनला येणारं कुणी भेटलं की पाठवते.

पत्र अशासाठी, की हे तोंडासमोर सांगायची माझी छाती नाही. बारा वर्षांपूर्वी तू दिलेला लॅपटॉप मध्यंतरी सांगू लागला, की आता ह्या यंत्रावर नवीन काही चालणार नाही. पाला गावातल्या दुकानदाराने तर झाकणही न उघडता भंगारात द्या म्हटलं. चाळीस वर्षं लोकांचे मेलेले रेडिओ बोलते करणाऱ्या माणसाला हे सांगतो! तुला कळवलं असतं तर आठ दिवसांत नवा लॅपटॉप दारात आला असता, आणि तू मात्र त्याच विटक्या कोटात आणखी एक हिवाळा काढला असतास. म्हणून मी श्रीदेवी टीचरना गाठलं. (चर्चमागे राहतात. शाळेत पोरांना लिनक्स शिकवण्यात त्यांची हयात गेली.) त्यांनी पेनड्राइव्ह दिला आणि बजावलं, की हे फुकट आहे, पण जुन्या यंत्रावर कसं वागेल त्याची हमी कुणी देत नाही.

पहिल्या दिवशी पडद्यावर सगळं उलटं दिसायला लागलं. मी मान वाकडी करून दोन तास झटलो. रोसम्मा मानेला तेल चोळताना म्हणाली, यंत्र होईल हो सरळ, तुमचं काय? पडदा सुधारला तर इंटरनेट गेलं, इंटरनेट आलं तर आवाज गेला. म्हणजे रविवारी आपण व्हिडिओवर बोलतो तेव्हा माझा तुला जायचा, तुझा मात्र मला येईना. ही गोष्ट, चेची, मी तीन रविवार तुझ्यापासून लपवली. रेडिओवाल्याच्या घरात यंत्र मुकं, हे कुठल्या तोंडाने सांगू? तुझे ओठ हलले की मी मान हलवायचो, तू हसलीस की हसायचो. तिसऱ्या रविवारी तू बराच वेळ काहीतरी बोललीस, डोळे पुसलेस, तर मीही पुसले आणि म्हणालो, "म्हणजे काय, हे विचारायचं असतं का?"

मंगळवारी रोसम्मा तारली घेऊन बाजारातून आली. तिथे तिला आपली मावसबहीण त्रेसियाम्मा भेटली होती; तिला तू फोनवर सगळं सांगितलं होतंस. चेची तिकडचं घर सोडून कायमची तुमच्याकडे येतेय, कुरियाकोसने, म्हणजे मीच, वाक्य संपायच्या आत हो म्हटलं, असं ती सांगत होती. एवढी मोठी गोष्ट मला न विचारता ठरवलीत, असं रोसम्मा विचारू लागली. मग सगळं कबूल करावं लागलं. आता भांडण होणार म्हणून मी तयारीत होतो. ती मासळी साफ करत बसली. तिथूनच म्हणाली,

"ऐकू आलं असतं तर काय म्हणाला असतात?"

म्हटलं, आधी रडलो असतो. मग डॉक्टर, उकाडा, पाण्याची मोटर, शंभर गोष्टी काढल्या असत्या.

"आणि त्यांना वाटलं असतं, ह्याला नको आहे. बरं झालं बहिरे होतात. पुढची खोली मी आजच रिकामी करते."

बुधवारी टीचरनी कसलीशी एक ओळ टाइप केली आणि यंत्राला वाचा फुटली. पण चेची, तो होकार मी न ऐकता दिला होता. म्हणून आता सगळं ठाऊक असताना पुन्हा लिहितो. ये. सत्तेचाळीस वर्षं झाली, आता पुरे.

तुझा धाकटा,
कुरियाच्चन

ता. क. येताना मला नवा लॅपटॉप आणू नकोस. स्वतःला कोट घे म्हटलं असतं, पण इथे तो घालून करणार काय?

ता. क. २. पत्राचं खरं कारण हे. न्हाणीघराची पायरी नव्याने बांधायची आहे. तुझा गुडघा सहा इंच चढतो की चारच? रविवारी विचारलं तर 'कशीही चालेल' म्हणशील, म्हणून भिंतीला धरून उभी राहा, पाय उचल, शेजारणीला पट्टी धरायला सांग आणि येईल तो आकडा लिहून पाठव. गवंडी कालपासून येऊन बसलाय. (पत्राला दहा दिवस लागतात, हे त्याला सांगितलेलं नाही.)