आजोबांच्या भट्टीची जागा

शारांत, १४ एप्रिल १९४०

चि. तिएबो यास,
आजीचे पोटभर आशीर्वाद. तुझी नेमणूक आपल्याच गावावरच्या टेकडीतल्या किल्ल्यात झाली हे वाचलं आणि आनंदात चुलीवरचं दूध उतू गेलं. घरमालकीण ओरडली. ओरडू दे! माझा नातू माझ्या घरावर पहारा देतोय, हिचा कुठं देतो?

लढाईपायी जर्मन सरहद्दीवरून उठवून आम्हाला फ्रान्सच्या पार दुसऱ्या टोकाला आणून टाकलं, पण लोक तसे बरे आहेत. फक्त आपली जर्मन वळणाची बोली कानावर पडली की आम्हालाच जर्मन म्हणतात. तुझ्या दोस्ताची, रेमीची आई मार्गरीट माझ्याच खोलीत असते. फार घोरते, तिला कळवू नकोस. रेमी तुझ्या शेजारच्या छोट्या ठाण्यात आहे म्हटल्यापासून दोघी तुमचे मोजे विणतोय.

आता काम ऐक. दुर्बिणीतून आपलं घर दिसतं का बघ. छप्पर दिसेल, मागची खळगी नाही दिसायची. तिथंच तुझे आजोबा भट्टी लावून चोरून मिराबेलच्या पिवळ्या फळांची दारू गाळायचे. टेकडीवर अबकारीवाले डोळे ताणून बसलेले, पण मध्ये घर आणि झाडं! धूर दिसला तरी त्यांना वाटे, म्हातारी पाव भाजतेय. काय सांगत होते? हां, घर. मिराबेल पिकेपर्यंत आम्ही परतू. मला त्याच घरात मरायचंय, बाबा. त्याला जप. दुसरं काही मागत नाही.

तुझी आजी
ओदिल


किल्ल्यातून, २२ जून १९४०

ति. आजीस,
तिएबोचा शि. सा. न. टपाल बंद आहे, तरी लिहितोय. बाकीची फौज आम्हाला इथं ठेवून दक्षिणेकडे गेली. आम्हाला हुकूम एकच, जागा सोडायची नाही. सरहद्दीकडे बघत बसलो आणि शत्रू पाठीमागून, आपल्या गावातून आला.

काल त्यांची एक तोफ रेमीच्या ठाण्याच्या भिंतीवर नेमकी एकाच जागी मारत होती. काँक्रीट ढासळत चाललं. रेमीनं फोनवर विचारलं की भिंतीला खिडकी पडतेय, पडदे कोण शिवणार. मग त्याची थट्टा थांबली. ती तोफ शोधा, शोधा, एवढंच ओरडत राहिला. आम्हाला ती कुठंच दिसेना. आणि मला आजोबांची भट्टी आठवली, टेकडीवरून न दिसणारी ती घरामागची खळगी.

आजी, खळगीवर मारा केला तर घर वाचत नाही, हे मला ठाऊक होतं. तरी साहेबांना जागा दाखवली. आमचा पहिला गोळा आपल्याच छपरावर पडला. मग झाडं गेली. मग ती तोफ गप्प झाली. रेमी जिवंत आहे. घर नाही.

४ जुलै. आमचा किल्ला कुणी घेतला नाही. तह झाला, वरून हुकूम आला, म्हणून बाहेर पडलो आणि कैद झालो. रेमी पुढच्याच रांगेत आहे, हाताला पट्टी. कुठं नेताहेत कळत नाही. वाटेत पाणी देणाऱ्या बाईच्या हाती हे देतोय. तू एकच गोष्ट मागितली होतीस. लोभ राहील का?

तुझा
तिएबो


शारांत, ९ सप्टेंबर १९४०

चि. तिएबो यास,
कान धरून आशीर्वाद. छावणीचा पत्ता आत्ता मिळाला. माझा चष्मा फुटलाय, तुझं पत्र मार्गरीटनं वाचून दाखवलं. रेमी जिवंत आहे म्हणाली आणि पुढचं वाचेना. मीच म्हटलं की वाच, घर गेलं ना? तेव्हा माझ्या मांडीवर डोकं ठेवून ओक्साबोक्शी रडली.

खोटं कशाला लिहू, त्यानंतर किती दिवस माझ्या घशाखाली घास उतरला नाही. गावची माणसं गाड्या भरून परत चाललीत. तिथं आता जर्मनांचा कारभार, फ्रेंच बोलायची चोरी. मार्गरीट म्हणते, तिच्या स्वयंपाकघरात माझी खाट टाकू. जाऊ की राहू? तू कधी सुटशील ते कुणी सांगत नाही. विचारायचं तरी कुणाला?

जूनपासून मार्गरीटचं घोरणं बंद होतं. नुसती छताकडे बघत पडायची. तुझं पत्र आलं आणि आता पुन्हा घोरते, अगदी गाडीच्या इंजिनासारखी. मी ऐकत पडते. बरं वाटतं.

अबकारीवाल्यांना जन्मभर सापडली नाही ती जागा तू सांगून मोकळा झालास! मी वर गेले की आजोबा माझी हजेरी घेणार. त्याआधी मी तुझा कान पिळणार. त्यासाठी कान समोर हवा, एवढं ध्यानात ठेव आणि जीव सांभाळ.

लोभ राहील का म्हणून विचारतोस, गाढवा! तो काय मी त्या घरात ठेवून आले होते?

तुझीच आजी
ओदिल