अननसाला वाटीभर पाणी

बदनापूर, वैशाख वद्य षष्ठी, संध्याकाळ

आज फार थकले. विहिरीचा तळ दिसू लागलाय, दोन घागरी भरण्यात सकाळ गेली. माहेरून, रत्नागिरीहून आणलेल्या कुंडीतल्या अननसाच्या पानांची टोकं उन्हानं करपलीत. त्याला वाटीभर पाणी पुरतं, पानांच्या मधल्या खोबणीत ओतलं की झालं. दुपारी ओतताना सासूबाईंनी खाटेवरून पाहिलं. महिनाभर आजारी आहेत, जेवण जात नाही.

"माणसाला प्यायला न्हाई, अन् तू काट्याला पाजून राह्यली? फेकून दे ते!"

"आत्याबाई, माझ्या आंघोळीतलं वाचवलंय हो."

राग आला. खरंच फेकावी म्हणून कुंडी उचलली, तर करपलेली टोकं हाताला बोचली. तेवढ्यात त्यांनीच विचारलं, "फळ कधी येतं त्याला?"

"अजून वर्ष तरी लागेल."

"मंग माझ्या तोंडी कुठं लागायचं ते?"

जालन्याचे डॉक्टर काय म्हणाले ते ह्यांनी मला सांगितलंय, त्यांना नाही. म्हटलं, "पहिली फोड तुम्हालाच देईन."

"मंग उन्हात काय ठिवलं? जल्दी आण, माझ्या खाटेपाशी ठिव."

ठेवली. एवढं खोटं बोलून मला बरं का वाटावं?