मे महिन्यातला कोट

टाम्पेरे, फिनलंड
७ एप्रिल २०१९

प्रिय आई,
जय भीम.

अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे. प्रफुल्लला वाचायला न लावता तूच वाच, हळूहळू.

मी बरी आहे. वेळेवर जेवते. बाबांना जाऊन तीन आठवडे झाले, पण मला अजून रडू आलेलं नाही. परीक्षा देऊनच ये असं तू म्हणालीस, म्हणून थांबले. शेवटचा पेपर चौदा मेला आहे, सोळाला घरी पोहोचते.

बॅग आत्ताच भरून ठेवली. दोन सुती ड्रेस, ओढण्या आणि पौर्णिमेच्या वंदनेसाठी तू दिलेली पांढरी साडी. बाहेर बर्फ आहे आणि मी उन्हाळ्याच्या कपड्यांच्या घड्या घालते आहे. हात आपोआप चालतात.

प्रश्न फक्त कोटाचा होता. इथल्या विमानतळापर्यंत तो लागेलच, पुढे हातावर घेऊन आले असते. पण फोनवर बाबा शेवटचं काय म्हणाले, तुला आठवतं? "पोरी, थो बर्फाचा कोट घालूनच स्टँडवर उतरजो. मले पाहाचा हाये." मी म्हटलं, "बाबा, मे महिन्यात?" तर म्हणाले, "मंग काय झालं? पसिना तुले येईल, मले नाही."

तुला झोप लागते का? प्रफुल्ल कॉलेजला जातो ना?

भंडारा स्टँडवर आता तोच येईल मला घ्यायला. त्याला सांगून ठेव, मी कोट घालून उतरणार आहे. हसू नको म्हणावं.

तुझी
हर्षा